आठाला पाच : परदेशी जाताना पैसा कसा न्यावा
(सामुदायिक रेडिओवरील बचत गटांच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

  हातातलं काम चालू असू द्या. तूर निवडत असाल तर निवडा, भाकरी थापत असाल तर थापा. फक्त जवळ एक वही-पेन ठेवा, कारण बोलता बोलता मधे एक छोटा हिशोब येणार आहे आणि तो लिहून घेण्यासारखा आहे.

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे, परदेशी गेल्यावर पैसे कसे द्यायचे. तुम्ही म्हणाल, "ताई, आमी बडनेऱ्याच्या पुढं जात नाई, अन् तुमी परदेशाचं काय सांगता वं?" मीही आधी असंच म्हणायची. पण जरा आठवून पाहा. आपल्या अमरावती-अकोल्याच्या गावांतून दरवर्षी किती बस बौद्ध स्थळांच्या यात्रेला निघतात? सारनाथ, बोधगया, कुशीनगर हे आपल्याच देशात. पण भगवान बुद्धांचा जन्म झाला ती लुंबिनी नेपाळात आहे. म्हणजे तो परदेशच झाला. पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथही नेपाळातच. बाळापूर, अकोट, अचलपूरकडच्या आपल्या गटातल्या बहिणी हज आणि उमऱ्याला जातात. कोणाची लेक दुबईला, कोणाचा लेक अमेरिकेत. बाळंतपणाला आईच लागते, मग आई जाते. तेव्हा परदेश आता आपल्या बायांपासून फार लांब राहिलेला नाही.

आपण तिकीट काढतो, चिवडा-शंकरपाळे बांधतो, औषधाच्या गोळ्या घेतो, गरम शाल घेतो. पैशाचं मात्र शेवटच्या दिवशी पाहतो. मीही तेच केलं होतं. त्याचीच गोष्ट आधी सांगते.

२०२५ च्या फेब्रुवारीत दर्यापूर आणि मूर्तिजापूर या शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतल्या आम्ही अडतीस जणी बसनं यात्रेला गेलो. दोन वर्षं आधीपासून गटात वेगळी बचत केली होती. कोणी शेळी विकून पैसे भरले, कोणी लाडक्या बहिणीचे महिन्याचे पंधराशे रुपये साठवून भरले. बऱ्याच जणींची ही आयुष्यातली पहिली लांबची वाट. १९५६ मध्ये नागपूरच्या दीक्षेनंतर महिनाभरातच बाबासाहेब काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. आमच्यातल्या एका आजीनं हे लहानपणी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. नेपाळची माती एकदा कपाळाला लावायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

सारनाथ झालं, बोधगया झालं, कुशीनगर झालं. गोरखपूरकडून सोनौलीच्या नाक्यावर आलो. हा भारत-नेपाळचा दरवाजा. बसवाल्यानं तिथं नेपाळच्या जकातीचे पैसे भरले, त्याला तिकडे भन्सार म्हणतात. कमान ओलांडली आणि आम्ही परदेशात. पलीकडे भैरहवा हे शहर, आणि तिथून साधारण पंचवीस किलोमीटरवर लुंबिनी. दिवसभर दर्शन झालं. मायादेवी मंदिर पाहिलं, अशोकाचा स्तंभ पाहिला. साऱ्या जणी समाधानात होत्या.

रात्री आमच्यातल्या एका काकूंना उलट्या सुरू झाल्या. वय एकसष्ट. पहाटेपर्यंत उठता येईना. गाडी करून भैरहव्याच्या एका दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, रक्त तपासलं, औषधं दिली. दुपारी बिल हाती आलं, सहा हजार चारशे रुपये.

काकू तर सलाईनवर होत्या, पण बिल ऐकून त्यांच्या सोबतच्या जावेचंच तोंड कोरडं पडलं. "एका दिवसाचे साडेसहा हजार? बाप्पा!" मग काउंटरवरच्या मुलीनं हिंदीत विचारलं, "आयसी देंगे या एनसी?" आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. आयसी म्हणजे भारतीय पैसा, एनसी म्हणजे नेपाळी पैसा. तिकडे दुकानापासून रिक्षापर्यंत सारे असंच बोलतात. बिल नेपाळी रुपयांत होतं. आपल्या पैशात ते चार हजार होत होतं.

चार हजार काही कमी नाहीत, पण काकूंजवळ ते होते. पोलक्याच्या आतल्या पिशवीत पाचशेच्या सात नोटा, म्हणजे साडेतीन हजार, वर थोडे सुटे. आणि बँकेच्या खात्यात अठरा हजार. तरी बिल भरता येईना. काउंटरवरच्या मुलीनं पाचशेच्या नोटा परत सरकवल्या. नेपाळनं २०१८ च्या डिसेंबरात शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटा चालवायला बंदी केली होती, ती आमच्या लक्षातच नव्हती. खात्यातले पैसे मोबाईलवरून द्यावे म्हटलं, तर खात्याला नंबर जोडलेला होता पोराचा, आणि पोरगा होता गावाकडे. एटीएम कार्ड? तेही घरीच, कपाटात.

आणि मी? मी गटांची सहयोगिनी, बी. ए. झालेली, दर महिन्याला तुम्हाला डिजिटल व्यवहाराचं प्रशिक्षण देणारी. माझं कार्ड होतं, पण परदेशात चालावं म्हणून ते सुरू करून घ्यायचं असतं, ते मी केलंच नव्हतं. फोनमध्ये यूपीआय होतं, पण परदेशात इंटरनेट चालण्याचं पॅक घेतलं नव्हतं. हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगते, कारण तुमच्यावर तशी वेळ येऊ नये.

शेवटी आम्ही बसमध्ये जाऊन पदर पसरला. ज्यांच्याजवळ शंभराच्या नोटा होत्या त्यांनी काढून दिल्या. अकरा जणींच्या बटव्यातून चाळीस नोटा जमल्या. बिल भरलं.

परतताना बसच्या खिडकीला डोकं टेकून काकू एवढंच म्हणाल्या, "पैसे तं हायेत माह्ये. पन मले पैशापाशी जाता येत नाई."

बहिणींनो, आज मला सांगायचं आहे ते या एका वाक्यात आहे. परदेशात पैसे द्यायचा सगळ्यात चांगला मार्ग कोणता, असं कोणी विचारलं तर लोक सांगतात, ज्यात कमी पैसे कापले जातात तो. ते खरं आहे, पण अर्धंच. आपल्या बायांसाठी चांगला मार्ग तो, जो आपल्याला स्वतःच्या हातानं, कोणाला फोन न लावता वापरता येतो. स्वस्त-महाग त्यानंतर पाहायचं. आणि एकच मार्ग घेऊन कधी जायचं नाही.

आता एकेक मार्ग पाहू. आधी नेपाळचं सांगते, कारण आपल्याकडच्या जास्तीत जास्त बाया तिकडेच जातात.

पहिला मार्ग, रोख. नेपाळात आपला रुपया बहुतेक ठिकाणी चालतो, त्यामुळे डॉलर घ्यायची गरज नाही, आणि नेपाळ-भूतानच्या प्रवासासाठी बँक डॉलर देतही नाही. पण नोटा शंभराच्या आणि त्याखालच्या न्यायच्या. मोठ्या नोटांचे नियम दोन्ही देशांनी बरेचदा बदलले आहेत. भारतातून नेपाळला दोनशे-पाचशेच्या नोटा नेण्याला रिझर्व्ह बँकेची पंचवीस हजारांची मर्यादा आहे, आणि तिकडे त्या घेतील का हा प्रश्न वेगळा. शंभराच्या नोटेला मात्र कधी अडचण आली नाही. म्हणून निघण्याच्या पंधरा दिवस आधी बँकेत जा आणि शंभराची एक गड्डी मागा. एका गड्डीत शंभर नोटा, म्हणजे दहा हजार रुपये. आदल्या दिवशी गेलात तर बँकेत सुटे नसतात. बँक सखीला आधी सांगून ठेवलं तर काम सोपं होतं. फाटकी, चिकटवलेली, पेननं लिहिलेली नोट घेऊ नका, ती तिकडे कोणी घेत नाही.

आता वही उघडा. हिशोब लिहून घ्या. आपला एक रुपया म्हणजे नेपाळचा एक रुपया साठ पैसे. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, रोज वरखाली होत नाही. पण दुकानात उभं राहून एक पूर्णांक साठनं भागायचं म्हणजे डोकं दुखतं. त्यापेक्षा हे लक्षात ठेवा : आठाला पाच. नेपाळचे आठ रुपये म्हणजे आपले पाच. नेपाळचे ऐंशी म्हणजे आपले पन्नास. नेपाळचे आठशे म्हणजे आपले पाचशे. कोणतीही किंमत असो, आठनं भागा आणि पाचनं गुणा. काकूंचं बिल सहा हजार चारशे. आठनं भागलं, आठशे. पाचनं गुणलं, चार हजार. झालं.

हा हिशोब येत नसेल तर कसं नुकसान होतं ते ऐका. आमच्यातल्या एका ताईनं लुंबिनीत शाल घेतली. दुकानदार म्हणाला पाचशे. तिनं आपले पाचशे मोजून दिले. किंमत होती नेपाळी पाचशे, म्हणजे आपले तीनशे साडेबारा. एकशे साडेसत्याऐंशी रुपये फुकट गेले. दुकानदार खोटं बोलला नव्हता, आपणच विचारलं नाही. म्हणून पैसे काढण्याआधी पहिला प्रश्न हाच : आयसी की एनसी?

दुसरी गोष्ट. काही दुकानदार आपला रुपया दीडच्या हिशोबानं धरतात. आठ हजार नेपाळी रुपयांची खरेदी असेल तर बरोबर दरानं आपले पाच हजार होतात. दीडच्या दरानं होतात पाच हजार तीनशे तेहतीस. फरक पाहिला? एकदोन वस्तूंना तो कळत नाही, आठ दिवसांच्या यात्रेत चांगलाच कळतो. म्हणून थोडे पैसे नाक्यावरच नेपाळी करून घ्या, पावती घ्या, मोजून घ्या. आणि परत येताना उरलेल्या नेपाळी नोटा नाक्याच्या आधीच बदला. अमरावतीच्या बाजारात त्या कोणी घेणार नाही. चिल्लर तर लेकरांच्या खेळण्यातच जाते.

दुसरा मार्ग, मोबाईलवरून यूपीआय. २०२४ च्या मार्चपासून नेपाळात आपलं यूपीआय सुरू झालं आहे. दुकानात क्यूआरचा चौकोन असतो, तो स्कॅन करायचा. तिथं फोनपे असं नाव लिहिलेलं दिसेल. ती नेपाळातली कंपनी आहे, आपल्या फोनमधल्या त्याच नावाच्या ॲपशी तिचा संबंध नाही. नाव तेवढं सारखं. त्यामुळे तुमचं ॲप दुसरं असलं तरी घाबरू नका, त्यात परदेशी यूपीआयची सोय आहे का एवढं पाहा. रक्कम नेपाळी रुपयांत टाकायची. पिन टाकण्याआधी आपले किती रुपये कापले जातील ते पडद्यावर दिसतं. तिथं आठाला पाच लावून पाहा. थोडं जास्त असेल तर ते शुल्क. फारच जास्त असेल तर पिन टाकू नका, रोख द्या.

यूपीआय चांगलं आहे, कारण नोटा बाळगायच्या नाहीत, सुट्यांची कटकट नाही, आणि कोणाला किती दिले त्याची नोंद राहते. पण ते चालायला चार गोष्टी लागतात. स्मार्टफोन तुमचा असावा. खात्याला जोडलेलं सिम त्याच फोनमध्ये असावं. तिकडे इंटरनेट मिळावं. आणि ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू केलेला असावा. तो घरी असतानाच सुरू करून पाहा, सेटिंगमध्ये यूपीआय इंटरनॅशनल असं असतं. यातली एक गोष्ट नसली की फोन हातात असून उपयोग नाही. माझं तेच झालं. आणि तिकडचं सिम घ्यायचं म्हणून आपलं सिम काढून टाकू नका. बँकेचा संदेश त्याच नंबरवर येतो.

तिसरा मार्ग, कार्ड. एटीएम कार्ड प्रत्येकीच्या घरात आहे, पण ते परदेशात चालतंच असं नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०२० च्या ऑक्टोबरपासून नवीन कार्ड आधी फक्त देशातल्या वापरापुरतंच सुरू असतं. परदेशातला वापर आपण मागून सुरू करून घ्यायचा, आणि घरी आलो की बंद करायचा. हा नियम आपल्या भल्यासाठी आहे; कार्डाचा नंबर चोरीला गेला तरी परदेशातून कोणी पैसे काढू नये म्हणून. नेपाळात रुपे कार्ड २०२२ पासून चालू झालं आहे. पण जनधन खात्याचं कार्ड बहुतेक देशातल्या वापराचंच असतं, त्यामुळे शाखेत जाऊन, कार्ड दाखवून, "हे नेपाळात चालेल का?" असं सरळ विचारा.

कार्डाचा खर्च समजून घ्या. परदेशात कार्ड वापरलं की बँक सहसा दोन ते साडेतीन टक्के जास्त लावते. पाच हजारांवर साडेतीन टक्के म्हणजे एकशे पंचाहत्तर रुपये. एटीएममधून काढले तर प्रत्येक वेळी वेगळं शुल्क पडतं. म्हणून पाच वेळा हजार-हजार काढण्यापेक्षा एकदाच पाच हजार काढा. कार्ड हा रोजच्या चहा-फुलांचा मार्ग नाही. तो अडचणीच्या वेळेचा आहे. आणि कार्डाच्या पाकिटावर पिन लिहायचा नाही. हे दर बैठकीत सांगते, तरी चारदोन पाकिटांवर तो दिसतोच.

आता लांबच्या देशांचं थोडक्यात. हज-उमऱ्याला जाणाऱ्या बहिणींनी नीट ऐका. २०१८ पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायांना मेहरमशिवाय, चौघीजणींचा गट करून हजला जाता येऊ लागलं. म्हणजे आता पैशाचा व्यवहारही बऱ्याच जणींना स्वतःलाच करावा लागतो. पूर्वी हज समिती प्रत्येक यात्रेकरूला निघताना एकवीसशे रियाल देत असे आणि त्याचे पैसे आधी भरून घेत असे. २०२३ पासून ती सक्ती गेली. ज्याला जितके लागतील तितके ज्यानं त्यानं न्यायचे. म्हणून आता ठरवणं आपल्यावर आलं.

अशा प्रवासाला थोडे रियाल, दिरहम किंवा डॉलर रोख घ्या, ते बँकेतूनच किंवा परवाना असलेल्या मनी चेंजरकडून, पासपोर्ट दाखवून आणि पावती घेऊन. बाकीचे पैसे बँकेच्या फॉरेक्स कार्डात भरा. हे कार्ड म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेला बटवा समजा. भरलं त्या दिवसाचा दर पक्का होतो, पुढं रुपया घसरला तरी आपलं नुकसान नाही. ते हरवलं तर बंद करता येतं, आणि आपल्या बचत खात्याला धक्का लागत नाही. यूपीआय श्रीलंका, मॉरिशस, सिंगापूर, भूतान, दुबईकडे काही ठिकाणी चालतं, पण सगळ्या देशांत आणि सगळ्या दुकानांत नाही. त्या एकट्याच्या भरवशावर जाऊ नका.

दुबईला लेकीकडे जाणाऱ्यांना एक खूण सांगते. मॉलमध्ये कार्ड दिलं की कधी कधी मशीनवर प्रश्न येतो, पैसे दिरहममध्ये कापू की भारतीय रुपयांत? आपल्याला वाटतं, रुपया आपला, रुपयाच दाबावा. तिथंच फसगत होते. रुपया दाबला की दर त्या मशीनवाल्याचा लागतो आणि तो बहुधा महाग असतो. तिकडचंच चलन दाबायचं. दुबईत दिरहम, सौदीत रियाल, अमेरिकेत डॉलर. ज्या गावाला जावं त्या गावच्या मापानं मोजावं, एवढं लक्षात ठेवा.

आता सगळं ऐकून तुम्ही विचाराल, "ताई, मंग करावं तरी काय?" करायचं असं. पैसा तीन जागी ठेवायचा. रोजच्या खर्चापुरत्या शंभराच्या नोटा वरच्या पिशवीत. मोबाईल किंवा कार्ड, दोन्हींतलं जे तुम्हाला स्वतःला वापरता येतं ते, अंगावर. आणि अडचणीसाठी शंभराच्या तीस-चाळीस नोटा आतल्या चोरखिशात, ज्याला परत घरी येईपर्यंत हात लावायचा नाही. एक जागा गेली तरी दोन उरतात. सगळ्या बियाण्याची पेरणी आपण एकाच पावसावर करत नाही, तसंच हे.

गटानं जात असाल तर अडचणीचा सामाईक निधीही करा. प्रत्येकीचे दोनशे रुपये. ते दोघींजणींकडे ठेवायचे, एकीकडे पैसे आणि दुसरीकडे वही. गटात अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात, तोच नियम इथं. पण आपला सगळा पैसा गटप्रमुखाकडे किंवा यात्रा नेणाऱ्याकडे "सांभाळा" म्हणून देऊ नका. माणूस चांगला असेलही. पण तो दर्शनाच्या रांगेत पुढं गेला आणि तुम्ही दवाखान्यात, तर काय कराल?

ओळखपत्राचंही सांगते, कारण त्याशिवाय पैसा पलीकडे जातच नाही. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदान ओळखपत्र न्या. एकट्या आधार कार्डावर विसंबू नका. बँकेचा मदत क्रमांक कागदावर लिहून ठेवा. फोनच हरवला तर फोनमधला नंबर काय कामाचा?

आणि आता शेवटचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यासाठी परदेशी जायचीही गरज नाही.

यात्रेहून आल्यावर पुढच्या मासिक बैठकीत मी एक प्रश्न विचारला. आपल्या बँक खात्याला जोडलेला मोबाईल नंबर स्वतःचा आहे, अशा किती जणी? तेरा जणींच्या गटात पाच हात वर झाले. बाकीच्यांचा नंबर नवऱ्याचा, पोराचा, एकीचा तर जावयाचा. कोणाच्या मनात खोट नाही. खातं उघडताना घरात एकच फोन होता, तोच नंबर दिला गेला. पण खातं बाईच्या नावावर, पैसा बाईच्या कष्टाचा, आणि चावी दुसऱ्याच्या खिशात, असं झालं ना? गावात असेपर्यंत ते चालून जातं. पोरगा हाक मारल्यावर येतो. सोनौलीच्या पलीकडे हाक पोहोचत नाही.

त्या काकूंनी काय केलं ते सांगते. घरी आल्यावर पहिल्याच बैठकीत त्यांनी चाळीसच्या चाळीस नोटा परत केल्या. अकरा जणींची नावं वहीत लिहिली होती, एकेकीला बोलावून हातात दिल्या. मग मला म्हणाल्या, "ताई, आता माह्या संगं बँकेत चाला." पोरानंच जुना फोन नीट करून दिला, त्यात काकूंच्या नावाचं सिम टाकलं. बँकेत अर्ज दिला, नंबर बदलला. कार्ड कपाटातून बाहेर आलं. पहिला महिनाभर त्या एटीएमसमोर उभ्या राहून दोनशे-दोनशेच काढायच्या, फक्त सवय व्हावी म्हणून. मागे लोक रांगेत कुरकुरायचे. काकू म्हणायच्या, "थांबा ना बाप्पा जरा, शिकून राह्यलो मी."

तुम्हीही हेच करा. पुढच्या मासिक बैठकीत विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. एकेकीनं सांगावं, माझ्या खात्याला नंबर कोणाचा, माझं कार्ड कुठं आहे, शेवटचं मी स्वतः कधी वापरलं. ज्यांचा नंबर बदलायचा त्यांनी मिळून एकाच दिवशी बँकेत जावं, म्हणजे एकीला हेलपाटे पडत नाहीत. आणि ज्यांच्या मनात यात्रा आहे त्यांनी तारीख ठरण्याआधीच शंभराची गड्डी, कार्डाची चौकशी आणि फोनची तयारी, ही तीन कामं वहीत मांडावी.

या थंडीत आमचा दुसरा गट लुंबिनीला निघणार आहे. काकूंनी पुन्हा नाव दिलं आहे. मागच्या वेळी एक दिवस दवाखान्यात गेला, त्यामुळे स्तंभाजवळ निवांत बसायचं राहिलं, असं त्या म्हणतात. या वेळी सामाईक निधीची वही त्यांच्याकडे आहे, आणि नवीन बायांना आठाला पाच त्याच शिकवतात.

येते मी. पुढच्या आठवड्यात भेटूच. नमस्कार.